अर्ध्यावरची जाळी

१

पायानं चालवायची आरी ज्यानं कधी चालवली नाही त्याला वाटतं, यात काय आहे, शिवणाच्या मशीनवर बसल्यासारखं पाय हलवत राहायचं. मलाही तसंच वाटलं होतं. म्हणून तर सासऱ्यासमोर नको ते बोलून बसलो.

साल छत्तीस. वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेलं होतं, नागपूरहून हुकूम यायचे आणि आम्ही अमरावतीकर त्यांना नावं ठेवत ठेवत ते पाळायचो. मी शाळेत मास्तर होतो. वय सव्वीस, अंगात रग भलतीच. बायको शकुन, पहिलं बाळंतपण, म्हणून सातव्या महिन्यात तिला माहेरी वलगावला पोचवायला गेलो होतो. सासरे खुशालराव मळेवाले. वांगी, संत्री, मोगरा, सगळं पिकवायचे आणि बोलायचेही सगळ्यांच्या वरचढ.

जेवताना ते म्हणाले, "जवाईबापू, पाळन्याची चिंता करजा नोको. मी अकोल्याहून आनतो. तिथी लय नामी भेटते."

मी म्हटलं, "पाळणा माझ्या हातचा येईल."

खुशालरावांनी घास खाली ठेवला. "तुमच्या हातचा? अजी, खडू धरनारे हात थे!" आणि जे हसले, की ओसरीवर बसलेला गडीसुद्धा हसला. दाराआड शकुनही हसली. मला ऐकू आलं ना!

निघताना मात्र ती विहिरीजवळ गाठून म्हणाली, "बोलले तं आना आता. बाराव्या दिवशी लेकरू तुमच्याच पाळन्यात टाकीन. नाही आनला तं झोळीत वाढवीन, पन अकोल्याचा पाळना घेनार नाही. माही मान खाली जाऊ देऊ नोका." तिच्या डोळ्यांत तेव्हा हसू नव्हतं. आता करणं भागच होतं.

२

आरी घरातच होती. मागच्या खोलीत, वीस वर्षं.

माझे बाबा, किसनराव, आधी धामणगावला कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर होते. तिथल्या पट्ट्यात पाय सापडला आणि उजवा पाय जन्माचा तोकडा झाला. तिथलाच एक गोरा इंजिनेर विलायतेला परत जाताना ही आरी त्यांना देऊन गेला. पुढं ते अमरावतीच्या जिनात लागले, तेव्हा आरीही इथं आली. लोखंडी सांगाडा, खाली पाय ठेवायची फळी, बाजूला चाक, आणि वर धनुष्यासारख्या दोन भुजांत ताणून बसवलेलं सुताएवढं बारीक पातं. फळी दाबली की पातं वरखाली होतं आणि लाकडातून पोपट, मोर, वेली काय वाट्टेल ते कोरून निघतं.

माझं लहानपण म्हणजे तो आवाज. दुपारी चार वाजता बाबा घरी यायचे, माय त्यांना चहा द्यायची आणि मागच्या खोलीतून सुरू व्हायचं. दोन ठेके लांब, एक तोकडा. दोन लांब, एक तोकडा. तोकड्या पायाचा ठेका तो. मी त्या आवाजावर झोपायचो, त्यावर पाढे म्हणायचो. तो आवाज मला मायच्या ओवीपेक्षा जास्त आठवतो, आता कोणी काही म्हणो.

माझ्या पाठीवर एक बहीण झाली. मी सहा वर्षांचा होतो. बाबांनी तिच्यासाठी पाळणा करायला घेतला. नवव्या दिवशी पोर गेली. बारसं व्हायचं होतं, त्यामुळे तिला नावसुद्धा नव्हतं. बाबा आरीवरून उठून बाहेर आले ते पुन्हा कधी तिच्यावर बसले नाहीत. पुढं बारा वर्षांनी तापानं गेले. त्या पोरीचा विषय आमच्या घरात निघाला नाही. काय म्हणून काढणार? म्हणायला नाव तर हवं.

मायकडं मी मागच्या खोलीची किल्ली मागितली तेव्हा वाटलं, ही आता नाही म्हणणार. आमच्यात लेकरू जन्माला यायच्या आधी त्याच्यासाठी काही करत नाहीत, टोपडंसुद्धा शिवत नाहीत. माय या गोष्टींत फार कडक. पण तिनं कमरेची किल्ली काढून हातावर ठेवली.

"पुसून घेजो," एवढंच म्हणाली.

दार उघडलं. आरीवर सागवानाची फळी तशीच होती. पाळण्याची एक बाजू. आंब्याच्या डहाळीवर समोरासमोर दोन पोपट. एक पुरा कोरलेला, दुसऱ्याची चोच आणि मान झालेली, बाकी पेन्सिलीची रेघ. आणि मानेपाशी, लाकडात, गंजलेलं पातं. उठले तेव्हा ते काढायचंही त्यांना सुचलं नव्हतं.

३

शिकवायला पुंजाराम मिस्त्री आला. आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्याची टपरी, बैलगाड्यांची कामं करायचा. बाबांच्या हाताखाली थोडं जाळीकाम शिकला होता. माणूस साठीचा, तोंडात सदा तंबाखू, आणि विद्यार्थी म्हणून मी त्याला अजिबात पसंत नव्हतो.

"मास्तर, लाकूड फिरवा, पातं नोका फिरवू! पातं काय वळनार हाये? थे बिचारं उभं वरखाली होऊन राहिलं."

कटकन पातं मोडलं.

"दाबून राहिले तुमी. लाकडाले काहून रागावता?"

पुन्हा कटकन. पहिल्या दिवशी मी सात पाती मोडली. पायाचा आणि हाताचा मेळच बसेना. पाय थांबला की हात पुढं जायचा, हात थांबला की पाय. माझी कापलेली रेघ पाहून माय म्हणाली, "उंदरानं खाल्ली का रे?" खरंच तशी दिसत होती.

बंद जाळीचं काम तर आणखी किचकट. पोपटाच्या पोटातली जागा कोरायची म्हणजे आधी गिरमिटानं छोटं भोक पाडायचं, मग पात्याचं वरचं टोक सोडायचं, ते त्या भोकातून ओवायचं, पुन्हा ताणून बसवायचं, तेव्हा कुठं कापायला सुरुवात. एक पोकळी झाली की पुन्हा सगळं सोडा, पुन्हा ओवा. डोळे फुटायची पाळी.

पुंजारामनं मला एकच नेम घालून दिला. "मास्तर, कामावरून उठाचं असन तं पातं सोडून उठजा. लाकडात आरी ठेवून उठू नोका."

"का? मोडतं?"

"मोडते बी," तो म्हणाला आणि तंबाखू थुंकायला बाहेर गेला.

परत आल्यावर त्यानं बाबांची अर्धी फळी उचलून पाहिली, गंजकं पातं सांडशीनं खेचून काढलं आणि फळी भिंतीला टेकवून ठेवली. "ही राहू द्या इथीच. तुमी आपली नवी फळी घ्या."

मी हो म्हटलं. पण तो गेल्यावर विचार केला, इतकं जुनं मुरलेलं सागवान, त्यावर अर्धं काम तयार, रेघ आखलेली. बापाचं काम लेकानं पुरं केलं तर कोणाचं काय जातं? उलट शोभाच. मी ती फळी आरीवर चढवली, नवं पातं पोपटाच्या मानेपाशी ओवलं आणि कामाला लागलो.

४

शाळा सकाळची. दुपारी मी आरीवर बसायचो. चार वाजता माय चहाला हाक मारायची. आता चहासाठी पातं सोडा आणि परत येऊन पुन्हा ओवा, हा उपद्व्याप कोण करणार? मी पातं लाकडात तसंच ठेवून उठायचो. पुंजाराम काही बघायला येत नव्हता.

तिसऱ्या-चौथ्या दिवसाची गोष्ट. चहा पिऊन आलो आणि आरीवर बसलो, तर पातं पोपटाच्या पोटाशी होतं. मी पंखाच्या सुरुवातीलाच सोडलं होतं असं मला वाटत होतं. म्हटलं असेल, आपण कापलं असेल. सकाळी पोरांना भागाकार शिकवून डोकं ठिकाणावर नसतं. माणूस बैल चालल्यासारखा काम करत राहतो, कळत नाही.

पण कापलेली कड मी बोटानं चाचपली. मानेपासून पंखापर्यंत उंदरानं खाल्लेली. पंखापासून पोटापर्यंत लोण्यातून सुरी गेल्यासारखी.

दुसऱ्या दिवशी मी शहाणपणा केला. उठताना पात्यापाशी पेन्सिलीनं बारीक खूण केली. स्वयंपाकघरात मायसमोर बसून चहा प्यालो. माय माझ्यासमोरून हलली नाही, हे मी शपथेवर सांगतो. घरात तिसरं कोणी नव्हतं. परत आलो. पातं खुणेच्या दोन बोटं पुढं. खाली ताजा भुसा. पात्याला हात लावला तर चटका बसला.

मी खिडकी पाहिली, कडी आतून. दार एकच, ते स्वयंपाकघरातूनच दिसणारं. मास्तरकीच्या सवयीनं मी एकेक कारण मांडलं आणि खोडलं. लाकूड उन्हानं तडकलं म्हणावं तर तडकलेली फट पोपटाच्या पोटासारखी गोल जात नाही. शेवटी एकच कारण उरलं, की मला भ्रम होतोय. ते मात्र सोयीचं होतं. म्हणून मी तेच धरून बसलो.

५

खरं सांगू? मला भीती वाटली ती दोन दिवस. तिसऱ्या दिवशी लोभ सुटला.

काम किती सुरेख होत होतं! आंब्याच्या पानांच्या शिरासुद्धा कोरलेल्या. मी करायचं काय, तर भोक पाडायचं, पातं ओवायचं आणि चहाला जायचं. हळूहळू चहा लांबला. मग मी पातं ओवलं की लगेच उठायला लागलो. सासऱ्याचं तोंड कसं पडेल, शकुन कशी मिरवेल, ते डोळ्यांसमोर यायचं आणि मी स्वतःशीच हसायचो. लाज नव्हती मला.

एके दुपारी चुलीपाशी बसलो होतो. मायनं चहा गाळला. तीन कप भरले. एक मला, एक स्वतःला. तिसरा उचलून ती गेली आणि मागच्या खोलीच्या उंबऱ्यावर ठेवून आली.

"कोणाचा गं तो?"

ती येऊन पुन्हा चुलीपाशी बसली. आणि तेवढ्यात मला ऐकू आलं. भिंतीपलीकडं चाक फिरत होतं. दोन लांब, एक तोकडा. दोन लांब, एक तोकडा.

मी बशी हातात घेऊनच उठायला लागलो. मायनं ती काढून घेतली, खाली ठेवली. तिच्या केसांत मोगऱ्याचं फूल होतं, तेव्हा कुठं माझ्या लक्षात आलं. आठ वर्षांत मी तिच्या केसांत फूल पाहिलं नव्हतं. विधवा बाई, कोणी पाहिलं असतं तर काय म्हटलं असतं!

"माय, तुला केव्हापासून ऐकू येतं?"

"पह्यल्या दिवसापासून." ती हळूच म्हणाली, जसं शेजारच्या खोलीत कोणी झोपलंय. "जाऊ नोको तिकडं. थांबतीन मंग. होऊ दे पुरा."

"पण माय, हे..."

"होऊ दे म्हनते ना मी!"

मी गेलो नाही. आवाज थांबल्यावर दोघं उठलो. उंबऱ्यावरचा चहा तसाच होता, त्यावर साय आली होती. माय तो कप उचलून देवाच्या प्रसादासारखा दोन घोटांत पिऊन गेली.

६

वलगावहून माणूस आला. मुलगी झाली, दोघी खुशाल. बारसं बाराव्या दिवशी, पाळणा घेऊन येजा, असा सासऱ्यांचा खोचक निरोप.

पुंजाराम पेढा खायला आला आणि माझ्या मागोमाग खोलीत शिरला. दोन्ही बाजू तयार होत्या, डोक्याकडची फळी व्हायची होती. त्यानं पोपटावरून अंगठा फिरवला. तंबाखू चघळायचा थांबला.

"मास्तर, हे तुमच्या पायाचं काम नाही."

"मग कोणाचं?" मी उगाच चढ्या आवाजात म्हटलं.

"पाह्य ना तुमी. दोन दाते लांब अन एक आखूड, सगळ्या कडेले सारखे. हा पाय मी वळखतो." त्यानं हात धोतराला पुसला. "हे काम ज्याच्या नावानं लावलं त्याच्याच नावानं पुरं होते. अजून येळ हाये. माही एक साधी झोपाळी तयार हाये, थे घेऊन जा वलगावले. हसतीन चार दिवस."

मी त्याला म्हटलं, मिस्त्री, तुम्ही जुनी माणसं, काहीही मनात घेता. तो निघून गेला. पेढा त्यानं खाल्लाच नाही, कोनाड्यात ठेवून गेला.

आता शेखीपायी मी ऐकलं नाही असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आलो. ते खरं नाही. सासऱ्याचं हसणं मी सोसलं असतं. खरी गोष्ट अशी, की मी रोज चारला त्या बंद दाराला पाठ लावून जमिनीवर बसायला लागलो होतो. सव्वीस वर्षांचा बाप्या, एका लेकीचा बाप, पाय पोटाशी घेऊन. दाराच्या लाकडातून तो ठेका पाठीत उतरायचा. दोन लांब, एक तोकडा. बाबा गेले तेव्हा मी परीक्षेला नागपुरात होतो, तोंडही पाहायला मिळालं नव्हतं. मला रडू यायचं आणि ते आवरावंसं वाटायचं नाही. पाळणा पुरा झाला की हे थांबणार, एवढंच मला कळत होतं.

म्हणून मी थांबवलं नाही. उलट, पातं नीट ताणून ठेवत गेलो.

७

बारशाच्या सकाळी बैलांच्या दमणीत पाळणा घालून मी आणि माय वलगावला पोचलो. खुशालरावांनी पाळण्याभोवती दोन फेऱ्या मारल्या. पोपटांवर हात फिरवला. मग सगळ्यांसमोर माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "हरलो जी मास्तर. आपन हरलो." शकुननं आतून माझ्याकडं पाहिलं. तसं तिनं पुन्हा कधी पाहिल्याचं आठवत नाही. त्या एका नजरेसाठी माणूस काय काय करतो!

माजघरात आढ्याला पाळणा टांगला. टांगणारे दोघं गडी म्हणाले, दिसते लहान पन वजनदार हाये. सागवान आहे, मी म्हटलं.

बायका जमल्या. घुगऱ्या वाटून झाल्या. बारशाची रीत तुम्हाला माहीत आहे, आधी वरवंट्याला टोपडं घालून नटवतात, पाळण्याखालून वरून एकमेकींच्या हातात देतात, कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या म्हणत. मग लेकरू पाळण्यात, मग आत्या वाकून कानात कुर्र करते आणि नाव सांगते. मला सख्खी बहीण नाही, म्हणून चुलत बहीण पार्बताबाई आली होती. नाव ठरलं होतं इंदू.

मी दाराच्या चौकटीत उभा होतो. तिथून पाळण्याची पोपटांची बाजू समोर दिसत होती. वरवंटा फिरून झाला. सासूबाई मैनाबाई लेकीला छातीशी धरून पुढं आल्या. पोर टाहो फोडून रडत होती. सगळ्यांचं लक्ष तिच्याकडं.

मी जाळीकडं पाहत होतो. दुसऱ्या पोपटाच्या पोटातली पोकळी. त्या पोकळीतून आतून बोटं बाहेर आली. चार बोटं, भुईमुगाच्या कोवळ्या शेंगांएवढी. त्यांनी जाळीची कड धरली. नखं पांढरी होती. आणि पाळणा, ज्याला कोणाचा हात लागला नव्हता, हळूच हलला.

मला ओरडायचं होतं.

"थांबा." मायचा आवाज. ती पाळण्याच्या उशाशी होती, आतली गोधडी नीट करायला वाकलेली, आणि तशीच वाकलेली राहिली होती. "लेकरू टाकू नोका इनबाई. यात जागा नाही."

बायका पाळण्यापासून मागं सरल्या.

"म्हंजे काय?" मैनाबाई म्हणाल्या. "रिकामा तं हाये."

"नाही रिकामा."

खुशालराव बाहेरून गरजले, ही काय थट्टा लावली म्हणून. शकुनचं तोंड पांढरं झालं. पार्बताबाई मध्ये पडली, "काकू, येळ चालली, मले नाव तं ठेवू द्या."

"तू चुलत हायेस बाई," माय म्हणाली, अगदी शांतपणे. "मान सख्ख्या आत्याचा असते."

आणि कोणाला काही कळायच्या आत तिनं माझी लेक मैनाबाईंच्या हातातून घेतली, खाली बसली आणि तिचा डावा कान त्या जाळीला लावला. बोटं दिसत नव्हती आता. रडणारी पोर एकदम गप्प झाली. आतून आवाज आला तो मी ऐकला. दाताविना कोणी कुर्र केलं तर येईल तसा, ओला.

मी धावलो. मायला ढकललं, होय, आपल्या आईला ढकललं, आणि पोर हिसकून घेतली. तिच्या कानाच्या पाळीला ओलं लागलेलं होतं. मी ते धोतरानं पुसलं, पुसतच राहिलो.

माय भिंतीला टेकून उठली. रागावली नाही. "कौशल्या," ती म्हणाली. "कौशल्या ठेवा म्हनते."

ते नाव कोणीही सुचवलं नव्हतं.

८

माझी कौशल्या झोळीत वाढली. शकुन बोलल्याप्रमाणे वागली, फक्त तसं वागावं लागेल असं तिला वाटलं नव्हतं. पाळणा मायनं परत आणला, मागच्या खोलीत टांगला, आणि मरेपर्यंत रोज चार वाजता हलवत बसली. आरी पुन्हा वाजली नाही. रिकामा पाळणा हलवू नये म्हणतात. माय म्हणायची, मी कुठं रिकामा हलवून राहिली.

एकसष्टला माय गेली. शेवटच्या दिवशी तिनं माझा हात धरला. "तिले आता कोन हलवीन रे?" मी म्हटलं, मी. दुसरं काय म्हणणार होतो? तेव्हापासून रोज चारला मी दोरी धरून बसायचो. दोरीला वजन लागायचं, तेवढंच, कमी नाही, जास्त नाही. त्या जाळीकडं मात्र मी कधी पाहिलं नाही. शकुननं त्या खोलीत पाऊल टाकलं नाही, आणि त्याबद्दल एक शब्द काढला नाही. तीन वर्षांपूर्वी तीही गेली.

मी आता पंच्याहत्तरीचा आहे. कौशल्या अकोल्याला दिली, तिच्या लेकीला दिवस गेलेत. दिवाळीला आली तेव्हा म्हणाली, "बाबा, मी झोळीत वाढली तं वाढली. माह्या नातवाले तं थो पाळना द्या."

"तो रिकामा नाही गं," मी म्हटलं. आणि सगळं सांगितलं, जसं तुम्हाला सांगतोय तसंच, ढकलल्याचंसुद्धा.

वाटलं, हसेल. ती डावा कान चोळत राहिली. मग उठली, पदराला हात पुसले आणि मागच्या खोलीत गेली. मी दारातून पाहिलं. ती पाळण्यावर वाकली, तोंड आत नेलं, आणि कुर्र केलं. मग काहीतरी बोलली. ते मला ऐकू आलं नाही.

बाहेर आली तेव्हा डोळे भरलेले. "इतकी वर्सं झाली, तिचं नाव ठेवाचं कोनालेच सुचलं नाही तुमाले? तिनं मले नाव देलं बाबा. अन तिले कोनीच नाही?"

खरंच नव्हतं सुचलं. आम्ही तिला घाबरत होतो, हलवत होतो, चहाच्या वेळा पाळत होतो. नाव ठेवलं नव्हतं.

"काय ठेवलंस?"

"थे आमच्या दोघीचं हाये. तुमाले काहून सांगू?"

ती अकोल्याला गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी दोरी धरली आणि माझा हात वरच गेला. पाळणा हलका होता. नुसतं लाकूड. पन्नास वर्षांचं ओझं उतरलं म्हणावं तर तसं काही वाटेना. मी तिथंच बसून लहान पोरासारखा रडलो, आणि मग पाळणा उतरवला, पुसला, अकोल्याला पाठवायला पोत्यात बांधून ओसरीवर ठेवला.

चार वाजले होते. सवयीनं चहा केला आणि स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसलो. मागच्या खोलीतून बाबांनी हाक मारली. त्यांचा आवाज मी पन्नासावर वर्षांनी ऐकत होतो, तरी लगेच ओळखला. त्यांनी मला हाक मारली नव्हती. एका पोरीचं नाव घेतलं होतं, दोनदा, लाडानं, माणूस लांबून येणाऱ्या लेकराला हाक मारतो तसं. कौशल्येनं काय नाव ठेवलं ते मला असं कळलं. ते मी कोणाला सांगणार नाही, त्या दोघींचं आहे.

मग पावलं आली. मागच्या खोलीच्या उंबऱ्यापाशी थांबली, पुन्हा निघाली. नुकतं चालायला लागलेलं लेकरू टाकतं तशी, थप, थप, मध्येच बसकण मारून पुन्हा उठणारी. माझ्या मागं येऊन थांबली. मी वळून पाहिलं नाही. कप धरलेल्या हाताच्या कोपराला ओल्या, लहान बोटांनी घट्ट धरलं.

चहा निवत होता. मी हात हलवला नाही. पडली असती ती.